दोन कार्डांचा फोन

"ताई, आधी एक सांगा. फोन बोलायला पाहिजे, का नुसता वाजायला?" दुकानदार मुजावरांनी विचारलं.

"वाजायला," मी म्हटलं. "बोलायलाही लागेल, पण आधी वाजायला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दाराजवळ स्टुलावर बसलेल्या माझ्या वडिलांकडं बघितलं आणि तोंडातले शेंगदाणे सावकाश चावत राहिले. गिऱ्हाईक जरा डोक्यानं कमी दिसतंय, असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे म्हटलं. त्या दुपारचं ते चौथं दुकान होतं आणि लोकांना काय वाटतंय याची फिकीर मी दुसऱ्या दुकानातच सोडली होती.

सांगलीतला एप्रिल. पायाचे तुकडे पडले होते. पहिल्या दुकानदारानं माझं पुरतं ऐकूनही न घेता "जगात कुठंबी चालतोय मॅडम" म्हणून एक चकचकीत फोन पुढं सरकवला होता. दुसऱ्याकडं दोन कार्डांचा फोन निघाला, पण त्यात एका वेळी एकच कार्ड जागं राहायचं. दुसरं पाहिजे तर फोन बंद करून चालू करायचा. तिसऱ्याकडं लाईट गेलेली, आणि तो म्हणाला, संध्याकाळी या. संध्याकाळी मला केतकीच्या शाळेचा दाखला आणायचा होता, शिंप्याकडं जायचं होतं, आणि घरातलं निम्मं सामान अजून कोपऱ्याकोपऱ्यात पडलेलं होतं.

आम्ही केनियाला चाललो होतो. इकडचा साखर कारखाना बंद पडल्यावर आमच्या ह्यांनी, राजशेखरनी, वर्षभर वाट बघितली, आणि शेवटी तिकडच्या एका कारखान्यात केमिस्टची नोकरी धरली. दिवाळी झाल्यावर ते पुढं गेले. आता मी आणि आमची केतकी, पुढच्या आठवड्यात. व्हिसा, लस, दाखले, माझ्या शाळेचा राजीनामा, सगळं माझ्या एकटीच्या डोक्यावर. तिकडून फोनवर हे म्हणायचे, "शैला, एवढं काय आहे त्यात." माणूस वाईट नाही माझा, पण ते वाक्य ऐकलं की माझं डोकं उठायचं.

"नीट सांगते," मी मुजावरांना म्हटलं आणि त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसले. "माझं इथलं कार्ड तिथं चालू राहिलं पाहिजे. रोमिंग करून घेतलंय. तिथलं कार्ड वेगळं, ते तिथं मिळेल. दोन्ही एकाच फोनमध्ये पाहिजेत, आणि दोन्ही चोवीस तास जागी पाहिजेत. इथल्या कार्डावर मी बोलणार नाही. त्यावर फक्त मिस कॉल येणार."

"कुणाचा?"

"ह्यांचा." मी आप्पांकडं बोट केलं.

आप्पांनी उपरण्याआडून मान हलवली. उन्हाळा असो की हिवाळा, गळ्याभोवती उपरणं असायचंच. आमचे आप्पा हळदीच्या सौद्यात पुकारा करायचे. उभी हयात मार्केट यार्डात गेली. दर वाढवत न्यायचा, व्यापाऱ्याला डिवचायचं, मध्येच एखादी कोपरखळी मारायची, आणि माल योग्य माणसाच्या नावावर करून पुढच्या राशीकडं वळायचं. आवाज असा की पावसात पत्र्याखाली उभं राहून बोलले तरी पलीकडच्या ओळीत कळायचं. तो आवाज देणारी पेटीच डॉक्टरांनी काढून टाकली. कॅन्सर होता. जीव वाचला. गळ्याला एक भोक राहिलं, त्यात नळी, आणि श्वास त्या नळीतून. तेव्हापासून बोलणं पाटीवर. पहिलीतल्या पोराकडं असते तसली पाटी, अर्ध्या आकाराची, पिशवीत घालून बरोबर असायची.

समोर असले तर पाटी. लांब असले तर काय करायचं? फोनवर बोलता येत नाही. मेसेज करायचा तर त्या वेळच्या साध्या फोनवर सगळी इंग्रजी अक्षरं, आणि आप्पांचं शिक्षण मराठी चौथी. मग आम्ही दोघांनी मिळून आमची भाषा ठरवली. एक रिंग देऊन कट केलं तर मी बरा आहे, तुझं काम चालू दे. एकापाठोपाठ एक, दोनदा वाजलं तर येताना दुकानातून जाऊन ये, काही आणायचंय. आणि तीनदा वाजलं तर नळीत कफ अडकलाय, श्वास कोंडतोय, असशील तशी ये.

तीनदा वाजलं की मी वर्गात फळ्यावर गणित अर्धं टाकून पळालेली आहे. कुणाच्या बारशातून, बँकेच्या रांगेतून, एकदा तर केस धुता धुता, डोक्यावर तसाच साबण घेऊन. पळत जायचं, आतली नळी काढायची, धुवायची, परत बसवायची, आणि आप्पांचा श्वास लागला की मग स्वतःचा घ्यायचा. आईच्या मागं आप्पांना मी एकटीच, म्हणून ते आमच्याच घरी. तीन वर्षं त्या फोनला मी अंगावेगळं केलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मी थकले होते. अंघोळीलाही फोन शेजारी ठेवायचा. वाजला की हातातलं टाकून मोजत उभं राहायचं आणि एकदाच वाजून थांबला की परत कामाला लागायचं. कधी कधी वाटायचं, हा फोन विहिरीत टाकावा आणि दोन दिवस पडून झोपावं. आणि तोच फोन तिथं वाजायचा थांबेल या भीतीनं मी भर उन्हात दुकानं पालथी घालत होते. आप्पांना बरोबर न्यायचं म्हटलं तर त्यांनी पहिल्याच दिवशी पाटीवर 'नाही' लिहिलं होतं. तिथली हवा नळीला मानवायची नाही, डॉक्टरही तेच म्हणाले.

मुजावरांनी सगळं ऐकलं. शेंगदाण्याची पुडी बाजूला ठेवली.

"म्हणजे काकांनी इथनं तीनदा वाजवायचं, ते तुमच्याकडं आफ्रिकेत वाजणार. मग तुम्ही काय करणार?"

"तिथल्या कार्डावरून मी आमच्या शेजारी फोन करणार. नलूवहिनींना. भिंतीला भिंत लागून घर आहे. त्या पळत जातील."

"बरं," ते म्हणाले, आणि कपाटातून एक फोन काढला. "दोन्ही कार्डं जागी राहत्यात ह्यात. बघू करून."

माझं कार्ड त्यांनी एका खाचेत घातलं, दुकानातलं एक दुसऱ्या खाचेत. मी आप्पांना खूण केली. आप्पांनी आपला फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून बटण दाबलं, आणि माझं कार्ड वाजलं. मला हायसं वाटलं. पण मास्तरीण आहे मी, पडताळा घेतल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही हे पोरांना शिकवण्यात जन्म गेला.

"आता मी दुसऱ्या कार्डावरून बोलत असताना लावून बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या कार्डावरून मी दुकानातलाच लँडलाईन लावला. मुजावर हातभर अंतरावरून मला म्हणाले, "हां, बोला ताई, बरं आहे का सगळं," आणि मी म्हटलं, "बरं आहे." तेवढ्यात आप्पांनी नंबर लावला. माझ्या हातातला फोन गप्प. आप्पांनी परत लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि उठून आपला फोन मुजावरांच्या कानाला धरला.

"बंद आहे म्हणती ती बाई," मुजावर म्हणाले. "आत यंत्र एकच असतंय ना ताई. एका कार्डावर बोलायला लागलं की दुसरं झोपतंय."

"मग नको."

"तुम्ही बोलणार किती? धा मिनिटं."

"त्या दहा मिनिटांतच वाजलं तर?"

त्यांनी आतलं दुसरं स्टूल घेतलं, वरच्या फळीवरून एक खोकं काढलं, धूळ झटकली. आत एक जाडजूड, हातात धरल्यावर वजन जाणवेल असा फोन. ह्यात दोन यंत्रं आहेत म्हणाले, महाग पडतो, बॅटरी दुपारपर्यंतच टिकते, म्हणून कुणी घेत नाही. आम्ही परत सगळं नाटक केलं. मी दुसऱ्या कार्डावरून बोलत असताना आप्पांनी लावलं, आणि माझ्या कानाशीच टूं टूं ऐकू आलं, पडद्यावर आप्पांचं नाव आलं.

"हाच द्या," मी म्हटलं. किंमतही विचारली नाही.

मुजावर खोकं बंद करायला लागले आणि मध्येच थांबले. "ताई, एक विचारू? राग मानू नका. हाक शेजारच्या घरी मारायची, तर ती आफ्रिकेला वळसा घालून कशाला? काकांनी डायरेक्ट त्या वहिनींनाच तीनदा वाजवावं की."

एवढी साधी गोष्ट. महिनाभर मी रात्रीच्या रात्री हिशेब घातले होते, कंपनीच्या ऑफिसात जाऊन रोमिंगवर वाद घातला होता, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. आला असेल तर मी त्याला बसायला जागा दिली नव्हती.

"त्यांना नाही जमायचं," मी म्हटलं. "मिस कॉल आला तर त्या म्हणतील, करू नंतर. मी फोन करून सांगितलं तर जातील. आणि तीनदा म्हणजे काय हे त्यांना कुठं माहीत आहे? मलाच कळतं ते. नळी बघितली तरी त्यांना चक्कर येते."

"सांगितलं तर शिकतील की."

"तुम्ही फोन विकताय ना? मग विका." माझा आवाज चढला. "मलाच कळलं पाहिजे. मला कळल्याशिवाय कुणाला कळून उपयोग नाही."

मागं पाटीवर पेन्सिल वाजत होती. वळून बघितलं तर आप्पा काहीतरी लिहीत होते. लिहिलं, अंगठ्यानं पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. मग त्यांनी पाटी गुडघ्यावर पालथी घातली, फोन उचलला, एक बटण दाबून कानाला लावला आणि कट केला. परत लावला. कट केला. परत लावला. कट केला. आणि फोन खिशात घालून बाहेर रस्त्याकडं बघत बसले.

माझ्यासमोरचा फोन गप्पच होता.

"कुणाला लावलात, आप्पा?"

त्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं.

मुजावरांनी एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघितलं. पंखा कुरकुरत होता. जेमतेम एखादं मिनिट गेलं असेल, आणि त्या जाड फोनमध्ये माझं कार्ड वाजायला लागलं. पडद्यावर नलूवहिनींचं नाव.

"शैला, कुठं आहेस तू? आप्पा कुठायत?" वहिनींना धाप लागली होती. "तुमच्या घरी आले पळत तर कुलूप. तीन रिंगा आल्या आत्ता त्यांच्या."

"माझ्याजवळच आहेत, वहिनी. बरे आहेत."

"बरे कसले, तीन आल्या म्हणते मी. आतली नळी काढ आधी. पुढं वाकव त्यांना आणि खोकू दे. घाईनं ओढू नको, जरा फिरवून काढ, म्हणजे सुटते. आणि धुवायला साधं पाणी घेऊ नको, माझ्याकडं उकळून ठेवलेलं आहे, ते ह्यांच्याबरोबर गाडीवरनं पाठवते. कुठल्या दुकानात आहात तेवढं सांग."

"वहिनी, खरंच बरे आहेत. चुकून लागला फोन." मला एवढंच सुचलं. मग विचारलं, "तुम्हाला नळी कशी काढायची ते कुणी सांगितलं?"

"त्यांनी सांगितलं नव्हतं होय तुला?" वहिनींचा आवाज खाली आला. "अगं, संक्रांतीपासून शिकवतायत मला. तू शाळेत गेलीस की बोलवायचे. पहिल्यांदा मी दारातनंच परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, हळदीत हात घालताना कोण बिचकतं का म्हणून. मग केलं. परवा तू शाळेत चार्ज द्यायला गेलीवतीस ना, तेव्हा अडकली होती खरोखरची. मीच काढली."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी सांगू दिलं नाही. म्हणाले, म्हणजे लिहिलं, शैलाला कळलं तर पाय निघायचा नाही तिचा."

मी फोन ठेवला. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. महिनाभर जीव टांगणीला लागला होता तो खाली उतरला होता, भिंतीपलीकडं उकळलेलं पाणी तयार होतं. पण मला राग आला. भयंकर राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागाहून वाईट होतं. त्या तीन रिंगा माझ्या होत्या. सगळ्या जगात मला एकटीला कळायच्या. ज्या आवाजाला मी कंटाळले होते, तो दुसऱ्या घरात वाजलेला मला सोसेना.

"आप्पा, मी नकोच आहे का आता तुम्हाला?" भर दुकानात, परक्या माणसासमोर मी म्हटलं, आणि माझे डोळे भरले.

आप्पांनी पाटी सरळ केली. मुजावर उगीचच कपाटाकडं वळून काचा पुसायला लागले. पेन्सिल कुरकुरली. आप्पांनी पाटी माझ्यापुढं धरली.

'तुझं जायचं ठरलं. सौदा झाला. झालेला माल परत पुकारत नाहीत.'

"मी काय हळद आहे?"

ते हसले. त्यांचं हसू म्हणजे खांदे हलायचे, आवाज नाही. पाटी पुसली आणि या वेळी बराच वेळ लिहीत राहिले. अक्षरं शेवटी शेवटी कडेला दाटीवाटीनं बसवलेली.

'तीन वर्षं मीच वाजवतोय. आता तू वाजव. रोज एकदा. दिवे लागायच्या वेळेला. तू तिथं बरी आहेस हे मला कोण सांगणार. मला काय काळजी नसते होय.'

मी वाचलं. परत वाचलं. त्यांच्या श्वासावर माझं लक्ष असायचं, नळीवर असायचं, कफाच्या रंगावर असायचं. या माणसाला माझी काळजी वाटत असेल हे तीन वर्षांत माझ्या मनालाही शिवलं नव्हतं. मी पदरानं तोंड पुसलं. मग त्यांनी एका कोपऱ्यात जागा करून आणखी लिहिलं, 'माझी खबर नलू देईल. ती तरी बोलू शकते.'

"नुसता मिस कॉल द्यायला पाहिजे तर मग कसलाही फोन चालतोय," मुजावर काचा पुसता पुसता पाटीवर नजर टाकून म्हणाले. "तिथलं एक कार्ड घातलं की झालं." त्यांनी जाड फोनमधून माझं कार्ड काढून दिलं, फोन खोक्यात ठेवला, आणि खोकं परत वरच्या फळीवर गेलं. "मी कशाला तोंड उघडलं, काय माहीत. विकला होता की चांगला."

एक साधा, एका कार्डाचा फोन घेऊन आम्ही बाहेर पडलो. रिक्षात आप्पांना झोप लागली. मी त्यांच्या उपरण्याखालच्या श्वासाकडं कान लावून बसले होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो. वहिनी रडल्या, केतकी रडली. आप्पा आणि मी रडलो नाही, आम्हाला दोघांनाही घाई होती, ते एकदाचं पार पडावं अशी.

कारखान्याच्या कॉलनीत पोचलो तेव्हा तिथं ऊन होतं. इकडं सांगलीत दिवे लागले असणार, असा हिशेब राजशेखरनीच करून सांगितला. अंगातलं त्राण गेलं होतं, बॅगा दारातच पडल्या होत्या. त्यांनी तिथलं कार्ड नव्या फोनमध्ये घालून फोन माझ्या हातात दिला. मी आप्पांचा नंबर लावला. ठरलं होतं ते असं की एकदा वाजू द्यायचं आणि कट करायचं. उचलायचं नाही. उचलून ते करणार काय?

पहिली रिंग पुरती व्हायच्या आत आप्पांनी फोन उचलला.

नळी बसल्यापासून त्यांनी माझा फोन कधीच उचलला नव्हता. पलीकडून फक्त श्वास येत होता. आत, बाहेर, आत, बाहेर. त्यांनी फोन कानाला न धरता गळ्याशी धरला असणार, उपरणं बाजूला करून, नळीच्या अगदी जवळ.

"आप्पा, पोचलो आम्ही," मी म्हटलं. "सुखरूप पोचलो."

राजशेखर कट कर म्हणून खुणावत होते. मी पाठ फिरवली. मी ऐकत होते. घरघर नव्हती, शिट्टी नव्हती, कुठं अडखळत नव्हतं. नळी स्वच्छ होती. आजच कुणीतरी, माझ्याइतकीच नीट, धुऊन बसवलेली होती.